भूल, विष आणि मेंदू: पेशंट आणि नातेवाईक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात. सकाळी सिझर, हर्निया, अपेंडिक्सची भूल द्यायची आणि रात्री आयसीयूत फवारणीची विषबाधा, सर्पदंश, दारू, गॅस असले पेशंट बघायचे, कारण छोट्या गावात ज्याला नळी घालून व्हेंटिलेटर चालवता येतो त्यालाच सगळीकडे बोलावतात. त्यामुळे माझ्याकडे दोन्हीकडचे प्रश्न येतात. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये, की ही दोन कामं मुळात वेगळी नाहीतच. भुलीची औषधं आणि बरीचशी विषं मज्जासंस्थेतली तीच ती मोजकी बटणं दाबतात. थिएटरमध्ये डोस मोजलेला असतो, पेशंटचा श्वास कोणीतरी सांभाळत असतं आणि परत यायची वाट आधीच ठरलेली असते, शेतात किंवा बाथरूममध्ये यातलं काहीच नसतं, एवढाच काय तो फरक. खालचे प्रश्न लोकांनी विचारले तसेच लिहिलेत.

मॅडम, भूल म्हणजे गाढ झोपच ना?

नाही. हा समज आमच्यामुळेच झालाय, कारण सुई टोचताना आम्हीच म्हणतो "आता छान झोप येईल हं". झोपेत मेंदू एका जागी थांबत नाही, हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नं असं साधारण ९० मिनिटांचं चक्र फिरत राहतं, आणि झोपलेल्या माणसाला चिमटा काढला की तो उठतो. भुलीत पोट उघडलं तरी उठत नाही. मेंदूच्या विजेच्या लहरी मोजल्या (हे काम माणसाच्या डोक्यावर पहिल्यांदा जर्मनीच्या हान्स बर्गरनं १९२४ मध्ये केलं) तर फरक डोळ्यांना दिसतो. जागेपणी डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १२ वेळा हलणाऱ्या अल्फा लहरी येतात. प्रोपोफॉल दिलं की ह्याच पट्टीतल्या लहरी कपाळाच्या बाजूला ठळक दिसायला लागतात आणि त्यांच्या जोडीला मोठ्या संथ लाटा येतात, काही तर सेकंदाला एकही पूर्ण न होणाऱ्या. डोस आणखी वाढवला तर लाटांची एक झुंबड, मग काही सेकंद सपाट रेघ, मग परत झुंबड असं दिसतं. हे साध्या झोपेत कधीच होत नाही, खोल कोमात मात्र होतं. म्हणजे भूल हा डॉक्टरनं मुद्दाम आणलेला आणि परत फिरवता येणारा कोमा आहे. शब्द भीतीदायक आहे हे मला कळतं, म्हणून आदल्या दिवशी पेशंटजवळ बसून नीट समजावून सांगते, स्ट्रेचरवर नाही.

मग ते औषध मेंदूत जाऊन नेमकं करतं काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. ढोबळमानानं दोन निरोप लक्षात ठेवा, "थांब" म्हणणारा गाबा आणि "चल" म्हणणारा ग्लुटामेट. ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन बघितलं असेल ना, ते प्रोपोफॉल, सोयाबीनच्या तेलात विरघळवलेलं असतं म्हणून पांढरं. ते गाबाच्या कुलपाला चिकटतं आणि "थांब" हा निरोप जास्त वेळ वाजत ठेवतं. मिडाझोलाम, जुनं पेंटोथाल, नळीतून देतात तो सेव्होफ्लुरेन वायू, हे सगळे मुख्यतः त्याच दारावर काम करतात, आणि दारूसुद्धा बऱ्यापैकी तिथंच. हातातल्या शिरेतून मेंदूपर्यंत जायला रक्ताला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच, म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटात, माणूस बोलता बोलता थांबतो.

केटामिन या भुलीच्या दुसऱ्या औषधाचं मात्र उलटं आहे. ते "चल" म्हणणाऱ्या ग्लुटामेटचं एक दार बंद करतं. पेशंटचे डोळे उघडे, बुबुळं हलतायत, श्वास व्यवस्थित चालू, लहरी तर उलट वेगवान होतात, आणि तरी पेशंट इथं नसतो. नंतर विचारलं तर कोणी सांगतं मी उडत होतो, कोणी सांगतं मी छतावरून खाली बघत होते.

आता यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. एक औषध "थांब" वाढवतं, दुसरं "चल" अडवतं, लहरींचं चित्र अगदी वेगळं, पण दोघांतही मेंदूच्या पुढच्या भागाकडून मागच्या भागाकडे जाणारा संवाद तुटतो असं दिसलंय. म्हणजे कानाशी बोललेलं मेंदूच्या ऐकण्याच्या भागापर्यंत पोचतंही, पण त्याचं काय करायचं हे ठरवायला पुढं कोणी ते उचलत नाही. काही संशोधकांनी हे फार छान पद्धतीनं तपासलं, डोक्यावर बाहेरून चुंबकाची एक टिचकी मारायची आणि तिचे पडसाद ऐकायचे. जाग्या माणसात पडसाद इकडून तिकडे फिरतात, गुंतागुंतीचे असतात. प्रोपोफॉलमध्ये टिचकी जिथं मारली तिथंच विरते. आणि केटामिनमध्ये, जिथं पेशंट आत कुठंतरी स्वप्न बघत असतो, तिथं पडसाद जवळजवळ जाग्या माणसासारखे येतात.

इतकी वर्षं वापरताय म्हणजे भूल कशी काम करते ते पूर्ण कळलं असेल ना?

नाही, आणि हे मोकळेपणानं सांगायला मला काही वाटत नाही. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टननं सगळ्यांसमोर ईथर देऊन दाखवलं. पुढं १८९९ च्या सुमारास मायर आणि ओव्हर्टन या दोघांना वेगवेगळं काम करताना दिसलं की जे औषध ऑलिव्ह तेलात जास्त विरघळतं ते जास्त जोरदार भूल देतं, म्हणून बरीच दशकं लोक धरून चालले की ही औषधं पेशीच्या चरबीच्या आवरणात घुसून काम करतात. १९८० च्या दशकात दिसायला लागलं की ती सरळ प्रथिनांना चिकटतात. पण झेनॉन हा वायू, जो सहसा कशाशी रासायनिक क्रियाच करत नाही, तोही माणसाला भूल देतो. आणि लाजाळूच्या झाडाला ईथरच्या वाफेत ठेवलं तर हात लावल्यावर पानं मिटत नाहीत, वाफ काढली की परत मिटायला लागतात, हे क्लॉद बर्नारनं १८७० च्या दशकातच दाखवलं होतं. ज्याला मेंदूच नाही त्यालाही भूल चढते! त्यामुळे कुठलं दार बंद होतं ते आपल्याला माहितीये, पण दार बंद झाल्यावर "मी" कुठं जातो याचं उत्तर अजून कोणाकडेच नाही.

सिनेमात रुमाल नाकाला लावला की माणूस लगेच पडतो, तसं होतं का?

होत नाही. क्लोरोफॉर्मला बेशुद्ध करायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ माणूस झटापट करतो. मुख्य म्हणजे बेशुद्ध करणारा डोस आणि श्वास किंवा हृदय थांबवणारा डोस यांच्यात अंतर फार थोडं. १८४७ मध्ये एडिंबराच्या सिम्पसननं क्लोरोफॉर्म वापरात आणलं आणि जानेवारी १८४८ मध्ये १५ वर्षांची एक मुलगी पायाच्या नखाच्या साध्या ऑपरेशनला त्यानं गेली. पेशंट श्वास थांबून जातो की हृदय थांबून, यावर १८८८ आणि १८८९ मध्ये आपल्या शेजारी हैदराबादेत दोन चौकशी आयोग बसले होते, आणि त्याच काळात तिथं रूपाबाई फर्दूनजी ही बाई क्लोरोफॉर्म देण्याचं काम करत होती. माझ्या कामातल्या सगळ्यात पहिल्या बायकांपैकी एक, तिचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

भुलीत मी काही भलतंसलतं बोलून गेलो तर?

हा प्रश्न पुरुष बायको बाहेर गेल्यावर विचारतात, बायका नवरा बाहेर गेल्यावर. पूर्ण भुलीत घशात नळी असते, बोलताच येत नाही. चढताना आणि उतरताना दोन-चार वाक्यं लोक बोलतात, बहुतेक वेळा "झालं का?" हेच, तेही पाच-पाच वेळा, कारण मिडाझोलाम नवीन आठवण बनूच देत नाही, उत्तर ऐकलं की पुसलं. आपल्या भाषेत याला भूल म्हणतात ते मला म्हणूनच आवडतं, विसरणं शब्दातच आहे.

नार्को टेस्टचं विचारणारे पण असतात. पेंटोथालनं जिभेवरचा ताबा सुटतो, खरं बोलायची बुद्धी येत नाही, त्या अवस्थेत माणूस कल्पना, भीती, समोरच्यानं सुचवलेलं सगळं मिसळून बोलतो. आणि संमतीशिवाय ती टेस्ट करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं मे २०१० मध्ये सांगितलंय.

ऑपरेशन चालू असताना मधेच जाग आली तर?

ही भीती खरी आहे, मी कधीच हसण्यावारी नेत नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये देशभराचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात आपणहून "मला जाग आली होती" असं सांगणारे पेशंट साधारण १९,००० भुलींमागे एक निघाले. पण हा आकडा सगळ्यांना सारखा लागू नाही. स्नायू लुळे पाडायचं औषध दिलेलं असेल तर साधारण ८,००० मागे एक, पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझरमध्ये ६७० मागे एक. कारण सिझरमध्ये बाळासाठी भूल हलकी ठेवायची आणि घाई पण असते.

यातला खरा शत्रू स्नायूंचं औषध आहे. ते मेंदूला काही करत नाही, फक्त हातपाय, पोट, श्वासाचे स्नायू ढिले करतं, त्यामुळे भूल कमी पडली तर पेशंट आतून जागा आणि हलता येत नाही असं होऊ शकतं. एक युक्ती आहे, दंडाला पट्टा आवळून ते औषध एका हातापर्यंत जाऊच द्यायचं नाही आणि मग कानात सांगायचं "ऐकू येत असेल तर हात दाबा". २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६० पेशंटपैकी ४.६ टक्के लोकांनी हात दाबला. नंतर अशा पेशंटना बहुतेक वेळा काही आठवत नाही. आठवत नाही म्हणजे त्या क्षणी तो नव्हता असं म्हणायचं का, हा प्रश्न मला रात्री घरी जाताना बऱ्याचदा छळतो.

काळजी म्हणून आम्ही वायूचं प्रमाण सतत बघतो, नाडी-बीपी बघतो, मोठ्या ठिकाणी कपाळावर पट्टी लावून लहरींचा ० ते १०० मधला आकडा बघतात, पूर्ण भुलीसाठी तो ४० ते ६० मध्ये ठेवतात. पण तो आकडा केटामिनमध्ये फसवतो. त्यामुळे मशीनवर एक डोळा आणि पेशंटवर दुसरा. आणि कधी अशी आठवण राहिली असेल तर प्लीज डॉक्टरला सांगा, "तुम्हाला वाटलं असेल" म्हणून ती झटकून टाकणं हा अन्याय आहे.

कमरेतल्या इंजेक्शनानं मेंदूवर परिणाम होतो का? आणि कंबर कायमची धरते म्हणतात ते?

औषध मणक्यातल्या पाण्यात थोडंसं जातं, तिथल्या नसांचा निरोप थांबवतं, मेंदूपर्यंत भुलीसारखं पोचत नाही. तरी बरेच पेशंट घोरायला लागतात, कारण अर्ध्या शरीराकडून मेंदूला येणारा गलका बंद झाला की त्याला आपोआप गुंगी येते. डोकेदुखी काहींना होते, मणक्यातलं पाणी सुईच्या भोकातून झिरपल्यामुळे, ती बरी होते. कायमच्या कंबरदुखीचं खापर मात्र त्या सुईवर फोडू नका. बाळंतपण, उचलणं-वाकणं, रात्रभर बसून पाजणं, हे सगळं त्या कमरेवरच आलेलं असतं.

दाताच्या सुईनं कधी झटके येतात का?

फार क्वचित. लिग्नोकेन नसेतलं सोडियमचं दार बंद करतं, म्हणून दात बधीर. तेच चुकून रक्तात जास्त गेलं तर मेंदूत पोचतं, आणि तिथं आधी "थांब" म्हणणाऱ्या पेशी गप्प होतात. शाळेत मास्तर वर्गाबाहेर गेले की जो गोंधळ होतो तसं, म्हणून सुरुवातीला ओठ मुंग्यावतात, तोंडाला लोखंडासारखी चव, कानात गुंई, आणि मग झटके. असं काही वाटलं तर खुर्चीतून लगेच सांगा. त्यावर चरबीचं पांढरं सलाइन देतात.

उपाशी का ठेवता?

भुलीत ठसका लागत नाही. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात. जेवण आणि दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. "फक्त अर्धा कप चहा" लपवू नका, दूध घातलेला चहा दुधातच धरतात.

बाबा ७८ वर्षांचे आहेत, ऑपरेशननंतर रात्रभर बडबडत होते, भुलीनं डोकं फिरलं का?

डोकं फिरलेलं नसतं, याला डिलिरियम म्हणतात आणि म्हाताऱ्या माणसांत हे खूप होतं. वय वाढलं की तेवढ्याच परिणामाला भूल कमी लागते, चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी वायूची गरज साधारण ६ टक्क्यांनी उतरते. पण दोष एकट्या भुलीचा नसतो. ऑपरेशनची सूज, दुखणं, तुंबलेली लघवी, ताप, कमी झालेलं सोडियम, न झालेली झोप, आणि चष्मा-कानाचं मशीन पिशवीत बांधून घरी पाठवलेलं! हे शेवटचं मी इतक्या वेळा बघितलंय की आता स्वतः नातेवाईकांना चष्मा परत आणायला लावते. घरचं माणूस शेजारी बसवा, दिवसा खिडकी उघडी, रात्री अंधार, तारीख-वार सांगत राहा, पाणी चालत असेल तर पाजा. बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं. काहींना मात्र महिनोन्‌महिने विसराळूपण राहतं, विशेषतः आधीच स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर, म्हणून "आधी कसे होते" हे ऑपरेशनपूर्वी डॉक्टरला सांगून ठेवा.

लहान बाळाला भूल दिली तर अभ्यासात मागे पडेल का?

एखादं छोटं ऑपरेशन असेल तर घाबरू नका. हर्नियाच्या तान्ह्या बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, काहींना पूर्ण भूल दिली आणि काहींना जागं ठेवून फक्त खालचा भाग बधीर केला. तासाभराच्या आतल्या भुलीनं ५ वर्षांच्या वयाला बुद्ध्यांकात फरक दिसला नाही, २०१९ मध्ये ते छापून आलं. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१६ मध्ये इशारा दिला होता तो ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांपेक्षा जास्त किंवा पुन्हा पुन्हा भूल देण्याबद्दल. म्हणून थांबता येण्यासारखं ऑपरेशन असेल तर थांबतो, नसेल तर थांबत नाही.

दारू पितो हे भूल देणाऱ्याला सांगायलाच हवं का? घरच्यांसमोर अडचण होते.

सांगायलाच हवं. एकट्यात सांगा, पण सांगा. रोज दारू मिळणारा मेंदू स्वतःच "थांब"ची दारं कमी करतो आणि "चल"ची वाढवून ठेवतो, तोल सांभाळायला. मग भूल जास्त लागू शकते. आणि ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस दारू मिळाली नाही की "चल" एकदम मोकाट सुटतं, हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, झटके येतात, यात माणूस दगावतो. आधी कळलं तर औषधांनी टाळता येतं. रोज गांजा घेणाऱ्यांनाही प्रोपोफॉल जास्त लागतं, तेही सांगा.

कालच कपाशीवर फवारणी केली, हे पण सांगायचं?

हो, शंभरदा हो! आमच्या भागात हा प्रश्न मी स्वतःहून विचारते.

नस आणि स्नायूंच्या जोडावर अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो. काम झालं की एक एन्झाइम त्याला लगेच पुसून टाकतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस असली ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधं त्या एन्झाइमलाच बांधून टाकतात. निरोप पुसलाच जात नाही, साचत जातो. तोंडाला लाळ, दरदरून घाम, बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं, उलटी-जुलाब, अंगावर मांस फडफडतं, आणि मेंदूत साचलं की बडबड, झटके, बेशुद्धी आणि श्वास बंद. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणी करताना विषबाधा होऊन गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, एकात एक मिसळलेली औषधं, अंगावर साधा भिजलेला शर्ट. बाटली तोंडाला लावायची गरजच नसते, ओल्या कपड्यातून कातडी पीत राहते. कपडे लगेच काढा, साबण-पाण्यानं अंग, केस, नखं धुवा, मीठपाणी पाजून उलटी काढू नका, बाटली सोबत घेऊन या, १०८ ला फोन लावा. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात, कधी कधी इतकं की नर्सेसना विश्वास बसत नाही, आणि पीएएम, म्हणजे बांधलेलं एन्झाइम मोकळं करायचं औषध. दोन-तीन दिवसांनी बरा वाटणारा पेशंट परत मान टाकू शकतो, म्हणून घाईनं घरी नेऊ नका.

आता भुलीशी संबंध. नळी घालताना द्यायचं सक्सिनिलकोलीन नावाचं औषध रक्तातलं तसंच एक भावंड एन्झाइम मोडतं, एरवी पाच-दहा मिनिटांत. फवारणीचं विष अंगात असेल तर तेच औषध तासन्‌तास उतरत नाही. तुम्ही सांगितलं तर मी दुसरं औषध निवडते, इतकं सोपं आहे. आर्य वैश्य समाजातल्या काही घरांत हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं, तुमच्याकडे कोणाला ऑपरेशननंतर बराच वेळ श्वास आला नव्हता असं घडलं असेल तर तेही सांगा.

आणि हे ऐकून आश्चर्य वाटेल, ऑपरेशन संपताना स्नायू परत आणायला मी जे निओस्टिग्मिन देते ते याच फवारणीच्या विषाचं काम, त्याच एन्झाइमवर, थोडा वेळ आणि मोजून करतं.

मग धोत्रा? तो तर महादेवाला वाहतात.

ज्या बांधावर लोक फवारणीचा पंप ठेवतात त्याच बांधावर धोत्रा उगवतो, आणि दोघांचे परिणाम बरोबर उलटे. धोत्र्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं, ते अ‍ॅसिटिलकोलीनच्या दारात आडवं पडतं. तोंड कोरडं, अंग तापलेलं, बुबुळं मोठ्ठी, आणि माणूस हवेत काहीतरी वेचत बसतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की चोर लोक हे खाण्यात मिसळून देतात. आणि जपानमध्ये हानाओका सेइशू नावाच्या सर्जननं धोत्रा आणि बचनाग यांचा काढा देऊन १८०४ मध्ये एका बाईच्या स्तनातली गाठ काढली, बोस्टनच्या ईथरच्या ४२ वर्षं आधी. त्या काढ्याचे प्रयोग करताना त्याच्या बायकोची दृष्टी गेली असं सांगतात.

हात जोडून एक विनंती, "अ‍ॅट्रोपिन उतारा आहे ना, मग फवारणीच्या पेशंटला धोत्र्याचं बी देऊ" असं कोणी करू नका. एका बीत किती औषध आहे हे झाडागणिक बदलतं.

मालवणीसारखी विषारी दारू, ती मेंदूचं काय करते?

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर लोक गेले ती मिथेनॉलची दारू होती. मिथेनॉल पिताना साध्या दारूसारखंच वाटतं, मारतं ते नंतर. यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, तेच ते मुंगीच्या चाव्यातलं. त्याला साधारण १२ ते २४ तास लागतात, म्हणून माणूस रात्री झोपतो आणि सकाळी म्हणतो डोळ्यांपुढं धुकं आलंय. डोळ्याची नस आणि मेंदूच्या आत खोल असलेले काही भाग, जे हालचालींचा तोल राखतात, ते या आम्लानं मरतात. उपचारात दवाखान्यात मोजून साधी दारूच देतात किंवा फोमेपिझोल, म्हणजे यकृताचं एन्झाइम अडकून राहतं आणि आम्ल तयार होत नाही, सोबत डायलिसिस. एकाच ठिकाणी प्यायलेल्या सगळ्यांना घेऊन या, त्रास होत नसला तरी.

गॅस गिझरनं बाथरूममध्ये माणूस कसा जातो? वास तर येत नाही.

वास येत नाही म्हणूनच. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो पण तो जळून जातो, आणि बंद खोलीत हवा कमी पडून नीट न जळलेल्या गॅसचा कार्बन मोनॉक्साईड बनतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मग पाय लटके पडतात, माणसाला कळतं पण कडी उघडता येत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवतं आणि सगळे फसतात, कारण त्याला दोन्हीतला फरकच कळत नाही. साध्या हवेत हा गॅस निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं पूर्ण ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. शुद्धीवर आला म्हणून विषय संपत नाही, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरणं, चालण्यात बदल, स्वभाव बदलणं असं उशिरा दिसू शकतं. गिझर बाथरूमच्या बाहेर लावा. आतच असेल तर बादली भरा, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा.

मण्यार चावलेला पेशंट मेला असं सांगितलं आणि तो उठला, असं खरंच होतं?

होतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. तिचं विष नसेच्या टोकाशी निरोपाचा साठाच संपवून टाकतं, त्यामुळे स्नायूंना हुकूमच पोचत नाही. नागाचं विष पलीकडच्या बाजूचं दार अडवतं, म्हणून नागाला निओस्टिग्मिननं फायदा होतो, मण्यारीला फारसा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच प्रतिविष चालतं, आपल्याकडे मुंबईच्या हाफकिनमध्येही ते बनतं. पण मण्यारीनं एकदा बिघडवलेली टोकं नव्यानं उगवावी लागतात, म्हणून काही दिवस व्हेंटिलेटर.

आणि या सगळ्या वेळात मेंदूला काहीही झालेलं नसतं, ते विष मेंदूत शिरतच नाही. हात उचलला तर पडतो, बुबुळांवर बॅटरी मारली तर हलत नाहीत, मान नाही, श्वास नाही, ब्रेन डेडचं पुस्तकातलं चित्र. म्हणून मण्यारीच्या पेशंटमध्ये असं ठरवायची घाई करूच नये.

माझ्याकडे एक १९ वर्षांचा मुलगा होता, सहा दिवस नळीवर. तिसऱ्या दिवशी त्याच्या काकूनं पलंगाशी उभं राहून विचारलं होतं, याला आता घरी न्यायचं का, जमीन विकून पैसे आणलेत. नळी निघाल्यावर त्यानं पहिल्यांदा घोगऱ्या आवाजात विचारलं, "कोणतं वावर विकलं?" तेव्हापासून मी माझ्या मण्यारीच्या प्रत्येक पेशंटच्या उशाशी जाऊन नाव घेऊन सांगते, तू बरा होणारेस, बोलता येत नाही ते सापामुळे, आता तुला झोपवते. नातेवाईकांनाही त्याच्याशी बोलायला लावते. आणि मग थोडं मिडाझोलाम चालू करते.